कमरेचा ओवा

नेऱ्याहून पनवेलला येणाऱ्या एसटीत माझं पोट इतक्या जोरात गुरगुरलं, की शेजारच्या अनोळखी मावशींचे डोळेच चमकले!

"काय गो बाय, काल पोपटी खाल्लीस ना?"

खाल्ली होती. मैत्रिणीच्या शेतावर, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा मी अगदी चापून खाल्ल्या होत्या. मी मान हलवताच मावशींनी साऱ्या गाडीला ऐकवलं, "बघा, मडक्यात ओवा नाय घातला या लोकांनी! वाल बाधनार नाय तर काय!"

मग गाडीत एकच गलका! मागून कोणी ताकात हिंग सुचवला, कंडक्टरनं आलं-लिंबू. मावशींनी सगळ्यांना हातानंच उडवून लावलं. कमरेची पुरचुंडी सोडून त्यांनी भाजलेला ओवा नि मीठ माझ्या तळहातावर ठेवलं. "चाव नीट."

जीभ चुरचुरली, मोठ्ठी ढेकर आली आणि खरंच, मोकळं वाटलं! आभार मानायला वळले, तर मावशीही चिमूटभर ओवा चावत होत्या.

"तुम्हीपण पोपटी खाल्लीत?"

"आमच्याकडं काल मीच लावलेली, बाय," त्या पदराआड हसत कुजबुजल्या. "घरची सगली पोट धरून बसलीत. ओवा माज्या कमरेलाच रायला!"