स्पीकरांची तोंडं स्वयंपाकघराकडे

बरीच वर्षं बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला की त्याच्या जाळीतून तापल्या धुळीचा वास येतो. थोडा जळका, थोडा गोडसर. नोएडातल्या आमच्या घरात परवा तो पसरला आणि मी खोक्यांच्या पसाऱ्यात फतकल मारून तशीच बसून राहिले. आमच्या लहानपणच्या रविवारांना हा वास असायचा. आई बाबांच्या निवृत्तीनंतरचं पुण्याचं घर आवरून कायमची माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या कपड्यांसोबत बाबांचा हा अ‍ॅम्प्लिफायर आणि कंबरेएवढे दोन लाकडी स्पीकरही ट्रकमधून आले. बाबा गेल्यापासून तिने गाणं लावलं नव्हतं. कुणी लावलं तर ती काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या खोलीत जायची. तिने पुन्हा गाणं ऐकावं, एवढीच माझी धडपड होती.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं आमचं तेव्हाचं सरकारी क्वार्टर दोन खोल्यांचं, आणि बैठकीच्या खोलीला लागूनच स्वयंपाकघर. बाबा एरवी फायलींवर शेरे मारणारे शांत गृहस्थ. पण स्पीकर हलवायची वेळ आली की त्यांच्या अंगात यायचं. भिंतीला चिकटवले तर खर्ज घुमतो, कोपऱ्यात सारले तर तबला पिंपात वाजल्यासारखा येतो, म्हणून दोन्ही स्पीकर भिंतीपासून चांगले हातभर पुढे. दोघांमधलं अंतर जेवढं, तेवढंच ऐकणाऱ्यापर्यंतचं, आणि तोंडं किंचित आत वळवलेली. हे जमलं की आवाज स्पीकरमधून येतोय असं वाटतच नाही. तो मधल्या मोकळ्या जागेतून येतो, गाणारी बाई तिथे मांडी घालून बसली असावी तसा. ती जागा सापडेपर्यंत बाबा फरशीवर खडूने खुणा करायचे, टाळी वाजवून खोलीचा अंदाज घ्यायचे आणि शेवटी मागच्या भिंतीवर सतरंजी टांगायचे. आई म्हणायची, "हौसेला मोल नसतं, पण मला केर काढायला जागा तरी ठेवा."

दिल्लीत गाण्याचा मोसम थंडीचा, हे तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. उन्हाळ्यात कूलरची घरघर, पंख्याची खडखड, मधेच वीज जाणार. गाणं लावायचं म्हटलं की सतराशे विघ्नं. थंडी पडली की पंखे बंद, खिडक्या बंद, रजया बाहेर, आणि घर आपोआप शांत व्हायचं. मग रविवारी सकाळी शेजारपाजारचे अधिकारी, कुणी बंगाली, कुणी तमिळ, खिशात शेंगा भरून ऐकायला जमायचे. सोलायच्या मात्र दोन रागांच्या मधल्या वेळात, असा बाबांचा दंडक होता.

पण आमचे स्पीकर या पाहुण्यांकडे बघायचेच नाहीत. ते तिरके, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून असायचे. शेजारचे बंगाली काका एकदा न राहवून म्हणाले, "अरे साहब, सारा गाना तो किचन में जा रहा है!" बाबा हसले. म्हणाले, "बिल्कुल. वहीं पहुँचाना है." तिथे ओट्यापाशी आई पोळ्या लाटत असायची. लोक सरोजिनी नगरच्या बाजारात घासाघीस करून बायकोसाठी कपडे आणतात. माझ्या बाबांनी तिच्यासाठी अख्खी मैफल तिरकी केली होती. ही गोष्ट मी मैत्रिणींना किती वेळा सांगितली असेल! नवरा पसंत करतानाही मनात हेच माप होतं, आणि तो बिचारा त्यात थोडा कमीच पडला.

म्हणून परवाही मी स्पीकर तसेच मांडले. हल्लीच्या घरांत स्वयंपाकघराला दार नसतं, बैठकीतच ओटा. त्यामुळे काम सोपं होतं. टाळ्या वाजवून पाहिल्या, जाड पडदे ओढले, तोंडं ओट्याकडे वळवली आणि आईला हाक मारली. ती आली आणि जागीच थांबली.

"तिकडे कशाला तोंडं केलीस?"

"बाबा करायचे तशीच केली."

ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी गाणं माझ्यापर्यंत आणलं गं. मन मोठंच त्यांचं. पण गॅस बंद कर आणि बाहेर येऊन बस, असं नाही कधी म्हणाले."

"तुला नव्हतं आवडत?"

"आवडायचं म्हणून तर! एक कान कुकरच्या शिट्यांकडे, दुसरा पोळीकडे. गाण्याला कान उरायचा कुठला?"

"यार आई, मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"इतक्या कौतुकाने करत होते. काय बोलणार?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र फार वाईट वाटलं. तिच्यासाठी वाटलं, बाबांसाठी वाटलं, आणि इतकी वर्षं मिरवलेल्या माझ्या त्या लाडक्या गोष्टीसाठीही वाटलं. प्रेम खरं होतं, यात मला आजही शंका नाही. ते ओट्यापाशी येऊन थांबायचं, एवढंच.

आम्ही दोघींनी मिळून स्पीकर सोफ्याकडे वळवले. आई मधोमध बसली आणि मला हुकूम सोडू लागली. "डावा मागे घे. अजून थोडा. हां, आता जरा आत वळव." बाबांच्या हयातीत तिने स्पीकरला हात लावलेला मी पाहिला नव्हता, पण तिला सगळं ठाऊक होतं. मी बाबांची आवडती तबकडी लावली. सुरुवातीला नुसते तंबोरे, मग संथ आलाप. आई रिकामे हात मांडीवर ठेवून समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत होती. उठून गेली नाही.

"अगं," ती एकदम म्हणाली, "तंबोरे दोन आहेत! एक इकडे, एक तिकडे. मला आजवर एकच वाटायचा."

तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. हे बाबांना सांगायला हवं, असं मला फार वाटलं. ते असते तर लहान मुलासारखे खूश झाले असते, हे मला नक्की ठाऊक आहे. ते असते तर ती त्या जागी बसली असती का, हे मात्र ठाऊक नाही.