कॅसेटमधली नवरी

माझं लग्न ठरायच्या कितीतरी आधी माझी हळद गावोगाव लागून झाली होती. लोक ऐकून हसतात. मला अजून हसू येत नाही.

वडिलांचं पेणच्या बाजारात कॅसेटचं दुकान होतं. आम्हा आगऱ्यांच्या हळदीला धवले गायला धवलारीण लागते. ती गाते तसा विधी पुढे सरकतो. धरमतरकडच्या आमच्या गावात अशी एक म्हातारी होती, आवाज खणखणीत. तिचं नाव व्हावं, चार गावांतून बोलावणी यावीत, म्हणून वडिलांनी तिला दुकानात बसवून कॅसेट भरली.

गाता गाता ती थांबली. "नवरीचा नाव घेतल्याबिगर धवला व्हत नाय. कोनाचा घेऊ?"

वडिलांनी गल्ल्याजवळ अभ्यास करत बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. म्हातारी हसली आणि माझं नाव गाऊन मोकळी झाली.

कॅसेट हातोहात खपली. वडील खुशीत. "आता बघ, म्हातारीला उसंत मिळायची नाय!"

पुढच्या उन्हाळ्यात मिठागरावरच्या एका कामगाराच्या मुलीच्या हळदीला गेलो. मुलगी पाटावर बसलेली, बायका तिला हळद लावतायत आणि कर्ण्यातून आवाज येतोय तो माझ्या नावाचा! हळद तिला लागत होती आणि लग्न माझं चाललं होतं, आणि त्या भरल्या मंडपात कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मंडपाच्या टोकाला खुद्द धवलारीण लसूण सोलत बसली होती. पाहुणी म्हणून.

वडिलांना बघून ती म्हणाली, "मना कोन बोलवील आता? तुजी कॅसेट हाय ना."



दुसऱ्या दिवशी सगळ्या कॅसेट फळीवरून उतरल्या. मागायला येईल त्याला वडील म्हातारीचं घर सांगत, "बाईलाच न्या" म्हणून गळ घालत. गिऱ्हाईक मान डोलवी आणि रोह्याच्या बाजारातून त्याच कॅसेटची कॉपी घेऊन येई. आधी भाबडेपणाने घोळ घालायचा आणि मग हात जोडायचे, याचा मला भयंकर राग यायचा.

काही वर्षांनी माझं लग्न ठरलं, तेव्हा पहिलं बोलावणं म्हातारीला गेलं. नवं लुगडं नेसून ती आली, माझ्या पाटाजवळ बसली. पहिली ओळ उचलली आणि आवाज फाटला. पुन्हा उचलली, तर नुसता खोकला.

"किती वर्सां कोनी गायला लावलाच नाय गो," ती मला हळूच म्हणाली.

मागून कुणीतरी ओरडलं, "कॅसेट लावा ना! तिच्यान हिचाच नाव हाय!"

वडील "नाय, नाय" करत उठले. म्हातारीनेच त्यांचा हात धरून खाली बसवलं. "लाव. पोरीची हलद थांबवू नको."

शेजारच्या घरातून कॅसेट आली. तो जुना खणखणीत आवाज मंडपभर भरला. माझं नाव आलं, आणि इतक्या लग्नांत पहिल्यांदाच ते ज्या मुलीचं होतं तिच्या हळदीला आलं. म्हातारीने माझ्या गालाला हळद लावली, कान मात्र कॅसेटकडेच.

"चांगली गायची ना गो मी?" तिने विचारलं.