धावण्याने मोडलेला गुडघा

माझा उजवा गुडघा फुगडी घालताना मोडला. हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा बोलले आहे की आता ते मलाच खोटं वाटू लागलंय. ऐकणारा मान डोलावतो, माझ्या पायाकडे हळहळून बघतो आणि म्हणतो, "धांव आनी." म्हणजे घे, आणखी धाव.

घडलं ते असं. चतुर्थीचा दुसरा दिवस होता. गणपतीसमोर, वर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली आम्हा बायकांच्या फुगड्या चालल्या होत्या. माझ्या सासूबाई सत्तरीला टेकल्या आहेत, पण फुगडीत त्यांचा हात धरणारं पार्से गावात कोणी नाही, असं त्या स्वतःच सांगतात. त्यांनी मला ओढलं. हातात हात गुंफून आम्ही गरगरलो, बाकीच्या टाळ्या पिटत होत्या, आणि ऐन वेगात हात सुटले. सासूबाई भिंतीला जाऊन टेकल्या. मी करंज्यांच्या, म्हणजे आमच्या नेवऱ्यांच्या डब्यावर पडले. अंग फिरलं, पाऊल मात्र जमिनीला चिकटून राहिलं, आणि गुडघ्यात काहीतरी कट्‌ करून वाजलं. हात कुणाचा सुटला हे फुगडीत कोणी विचारत नाही. सुटतात.

संध्याकाळपर्यंत मात्र कारण ठरलं होतं. मी गेली काही वर्षं पहाटे लांब पल्ल्याचं धावते, आणि बेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई असलेली शिक्षिका धावते म्हणजे तिचा गुडघा मोडणार, हे गावाने आधीच लिहून ठेवलं होतं. फक्त मोडायचाच उशीर होता. फुगडी देवासमोर घातलेली. तिने गुडघा कसा मोडेल? सगळ्यांत मोठ्या आवाजात हे सांगत होत्या त्या सासूबाई. म्हापशाच्या डॉक्टरांनी मला विचारलं, कसं झालं? मी फुगडी म्हणेपर्यंत सासूबाईंनी मागून सांगून टाकलं की ती धावते. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दारू पिऊन गाडी चालवली होती.

गुडघ्यातली गादी फाटली होती. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मग व्यायाम करून घेणारी फिजिओ आली, शिडशिडीत आणि कडक. तिने नीट तपासलं आणि सांगितलं की हळूहळू धावायला हरकत नाही, सरळ रेषेत धावणं गुडघ्याला सोसतं. मात्र पाय रोवून अंग फिरवायचं नाही. फुगडी तर वर्षभर अजिबात नाही. मी ते घरी मोठ्या आनंदाने जाहीर केलं. सासूबाई म्हणाल्या की त्या पोरीचं अजून लग्न झालेलं नाही, तिला फुगडीतलं काय कळणार.

आता गावातल्या वैद्यांविषयी. दुखणं एकाला झालं की पार्से गावात पदवी सगळ्यांना मिळते. बाजारात, तिंट्यावर भाजी घ्यायला गेले तरी माझा गुडघा तपासून मिळे. कुणी म्हणे गुडघ्यातलं वंगण संपलं, कुणी म्हणे निर्गुडीचा पाला बांध, कुणी म्हणे माशांचं डोकं खा. एक गृहस्थ मला बूट घातल्यामुळे हे झालं असं पटवून देत होते. या गृहस्थांचा जन्माचा व्यायाम म्हणजे स्कूटरवरून उतरून बारच्या पायऱ्या चढणं, आणि त्या पायऱ्याही दोनच आहेत. माझ्या नवऱ्याने सगळ्यांचं सगळं ऐकून घेतलं. तो वीज खात्यात कारकून आहे, लोकांचं ऐकून घेणं आणि काहीही न करणं हे त्याला नोकरीमुळे जमतं.

बरं, धावण्याचं म्हणाल तर आमच्या तालुक्यात धावणारे कमी नाहीत. हरमलच्या किनाऱ्यावर गोरी माणसं चड्डीवर उन्हातान्हात धावतात. त्यांना बघून आमचे लोक म्हणतात, बघा, तब्येत कशी राखलीय. तीच चड्डी जरा लांब करून, वर ढगळ कुडता घालून मी धावले तर म्हणतात, हिच्या घरात कुणी बोलत नाही का? शिवाय माझं माहेर डिचोलीचं. खाणीच्या ट्रकांपुढून पळून पळून आम्ही डिचोलीकर धावायला शिकलो, असं मी एकदा गमतीने म्हटलं होतं. सासूबाईंनी ते खरं धरलं आणि अजूनही पाहुण्यांना सांगतात.

तर मी परत धावायला लागले. लागले म्हणजे काय, एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. हातातलं घड्याळ मिनिटामिनिटाला टिटिट करून माझी लाज काढायचं. शेतामधल्या रस्त्यावरची कुत्री पूर्वी मी येताना दिसले की उठून बाजूला व्हायची. आता ती पडल्या पडल्याच एकदा भुंकत आणि परत झोपत. स्कूटरवाले थांबून म्हणत, बस गो, सोडतो. धावणाऱ्या बाईची बस चुकलेली असते, याखेरीज त्यांना काही सुचत नाही. मी नको म्हटलं की ते दुखावून निघून जात आणि संध्याकाळी माझ्या नवऱ्याकडे तक्रार पोचे.

हसू येतं म्हणून हसते, पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी फार घाबरलेली होते. मला धावायला आवडतं. लहानपणी कुणी शिकवलं नाही, कुणी बक्षीस दिलं नाही, चाळिशीच्या तोंडाशी मला ही एक गोष्ट स्वतःची म्हणून सापडली. त्या तासाभरात मला कुणी चहा मागत नाही, कुणाची वही तपासायची नसते. पूर्वी मी रविवारी घरून निघून थेट केरीच्या धक्क्यापर्यंत धावत जायची, तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीकडे बघत पाणी प्यायची आणि बसने परत यायची. तो धक्का मला परत हवा होता. तो मिळाला नाही तर पुढचं सगळं आयुष्य मी घर ते शाळा आणि शाळा ते घर एवढ्यातच संपवीन, असं मला वाटायचं. हे मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर कुणीतरी त्यावरही पाला सुचवला असता.

काजूचा हंगाम संपत आला तेव्हा मी जरा जास्त धावले आणि गुडघा सुजला. दारापुढच्या बाल्कांवात बसून बर्फ लावताना सासूबाईंनी मला पकडलं. त्या दिवशी घरात जे भांडण झालं ते शेजाऱ्यांनी टीव्ही बंद करून ऐकलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, आपण देवीला विचारू. रागाच्या भरात मी म्हटलं, विचारा, देवी म्हणेल तसं. म्हटलं आणि लगेच जीभ चावली. आमच्याकडे देवीचा कौल एकदा घेतला की विषय संपतो, मग त्यावर कोर्टही नाही.

कौलाची रीत अशी. गुरव देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या लावतो, मोठ्याने गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. आधी पडेल त्या बाजूचं उत्तर. आमच्यात ठरलं की उजवी पडली तर धावणं बंद आणि माझे बूट माळ्यावर, डावी पडली तर चालू. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी देवळात शिरताना मी मुद्दाम डावा पाय आधी टाकला.

गाभाऱ्याच्या दाराशी एक उभा पंखा आहे. विमानतळासाठी जमीन विकून पैसा आलेल्या एका गावकऱ्याने तो दिला, आणि त्यावर स्वतःचं नाव देवीच्या नावाहून मोठं रंगवून घेतलं. त्या दिवशी वीज गेलेली होती, त्यामुळे दानशूराचं नाव तेवढं वाचायला मिळत होतं, वारा नव्हता. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. हिचा पाय धावून मोडला आहे, ही ऐकत नाही, हिने धावणं सोडावं की नाही ते तू सांग. प्रत्येक वाक्याला जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणत होते. माझा नवरा सगळ्यांत जोरात म्हणत होता.

पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. गुरवाने परत गाऱ्हाणं घातलं. उकाड्याने माणसं चुळबुळायला लागली. ओली पाकळी दगडाला चिकटली की वाऱ्याशिवाय कशी पडेल, एवढं विज्ञान मी पाचवीच्या वर्गाला शिकवते, पण तिथे गप्प बसले. तिसऱ्यांदा गाऱ्हाणं घातल्यावर गुरव वळून म्हणाला की देवी काही मनावर घेत नाही, म्हणजे सांगण्यात कायतरी चुकलंय. घडलं तसं सांगा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चुकलेलं असणार ते माझंच, हे गृहीत होतं. मी फुगडी म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात माझ्या शेजारून सासूबाई उठल्या. पदर सावरून दाराशी गेल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या,

"माये, तिचो पाय धांवून मोडूंक ना. फुगडेंत माझो हात सुटलो. बोटांत आतां बळ उरूंक ना माझ्या."

या वेळी कुणीही "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही. मी त्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. बोटं सांध्यांशी सुजलेली होती, करंगळी नीट मिटत नव्हती. रोज त्याच हातांनी नारळ खवताना मी त्यांना बघत होते आणि मला काही दिसलं नव्हतं. फुगडीत आपला हात धरणारं कोणी नाही म्हणणाऱ्या बाईला आता हात धरताच येत नव्हता, आणि ते गावासमोर कबूल करण्यापेक्षा तिने माझं धावणं पुढे केलं होतं. मला राग यायला हवा होता. तो आलाही, पण टिकला नाही.

तेवढ्यात वीज आली. दानशूराचा पंखा खडखडत सुरू झाला, आणि डावी पाकळी भिरभिरत खाली आली.

लोकांनी हात जोडले. गुरवाने नारळ ठेवायला सांगितलं. बाहेर आल्यावर मी नवऱ्याला हळूच म्हटलं की ही पाकळी तुझ्या खात्याने पाडली. तो गंभीरपणे म्हणाला की वीज कधी येईल हे देवीलाच ठाऊक, खात्याला नाही. लग्नानंतर तो माझ्याशी इतकं खरं फार क्वचित बोललाय.

देवीने परवानगी दिली हे कळल्यावर गावाने जो रंग बदलला तो सरड्याला जमला नसता. आता मी चालताना दिसले की स्कूटर थांबवून विचारत, काय गो, आज धावत नाहीस? देवीने सांगितलंय ना? बारच्या पायऱ्या चढणारे गृहस्थ तर मला वेग वाढव म्हणू लागले. पूर्वी धावते म्हणून बोलणी खायची, आता हळू धावते म्हणून खायची. फरक एवढाच की पाला सुचवणं बंद झालं.

पाऊस ओसरता ओसरता एका रविवारी मी केरीच्या धक्क्यावर पोचले. मधे बरंच चालले, एकदा कालव्याच्या कठड्यावर बसलेही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फेरीबोट नुकतीच सुटली होती, पलीकडे तेरेखोलचा किल्ला धुक्यात होता. मी पाणी प्यायले आणि खूप रडले. एका पर्यटकाने विचारलं की बोट चुकली का. मी हो म्हटलं, समजावत कोण बसणार.

मग चतुर्थी आली. माटोळीखाली फुगड्या सुरू झाल्या. सासूबाई कोपऱ्यात पाटावर बसून गाणी सांगत होत्या, उठत नव्हत्या. सुना-लेकी ओढायला गेल्या तर म्हणाल्या की आता गाणाऱ्या तरी पाहिजेत. कौलाची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे कुणी फार आग्रह केला नाही. त्या पदराखाली हात घेऊन बसल्या होत्या. फुगडी बघताना त्यांचे पाय मात्र जागच्या जागी हलत होते.

फिजिओने सांगितलेलं वर्ष अजून पुरतं उलटलेलं नव्हतं. मी उठले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि हात पुढे केले. त्यांनी मान हलवली. मी पदराखालून त्यांचे हात काढले आणि बोटं न धरता मनगटं धरली, बांगड्यांच्या वर, घट्ट. आम्ही फिरलो. वेग काही नव्हता, पोरी हसत होत्या, सासूबाईंचा अंबाडा सुटला. मी सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा टम्म सुजला होता. मी बाल्कांवात बसून बर्फ लावत होते. सासूबाई चहा घेऊन आल्या, कप खाली ठेवला आणि माझ्या पायाकडे बघत उभ्या राहिल्या. मग हलक्या आवाजात विचारलं, "फुगडी घालून दुखता मगे?"

"ना आये," मी म्हटलं. "धांवून."