उंदीर, वारा आणि सासरे

कपडे धुवायची पावडर बनवणाऱ्या कारखान्याच्या मागच्या फाटकासमोर पार्लरताईचं दुकान होतं. भिंतभर आरसा, हात धुवायचं बेसिन आणि दोन खुर्च्या. त्यातल्या एका खुर्चीचा पंप बिघडलेला होता, त्यामुळे तिच्यावर बसलेली बाई सुरुवातीला आरशात खांद्यापर्यंत दिसायची आणि काम संपेस्तोवर नुसतं कपाळ उरायचं. नेहमीच्या बायकांना याची इतकी सवय झाली होती की त्या आधीच उशी घेऊन बसायच्या.

ताईचा हात हलका होता आणि जीभ त्याहून मोकळी. बाकीच्या पार्लरवाल्या आयब्रो करताना दोऱ्याचं टोक दातात धरतात. हिने ते मानेत अडकवायची कला मुद्दाम शिकून घेतली होती, कारण दोरा दातात धरला तर बोलायचं कशाने? समोरची बाई डोळे मिटून, पापणी ताणून, जीव मुठीत धरून बसलेली. ती काय वाद घालणार? त्यामुळे ताईची मतं त्या वस्तीत बिनविरोध पसरत गेली.

या मतांतलं सगळ्यात पक्कं मत चौकशी समित्यांबद्दल होतं. त्याला कारण घरातच होतं. तिचे सासरे त्याच कारखान्यात बॉयलरवर होते. खूप वर्षांपूर्वी तिथे वाफेचा पाइप फुटला, समिती बसली, आणि समितीने सांगितलं की कामावरचा माणूस झोपला होता. सासऱ्यांची नोकरी गेली. पुढे ते वारले, पण सासूबाईंनी तो विषय काही सोडला नाही. "ज्या माणसाला घरातल्या घड्याळाची टिकटिक सहन व्हायची नाही," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "तो म्हणे त्या खडखडाटात झोपला!"

एका दुपारी कारखान्यातून धाडकन आवाज आला. पावडर साठवायच्या उंच टाकीचं झाकण उडालं आणि निळी भुकटी ढगासारखी वर गेली. मग सावकाश खाली आली. माणसं निळी, गाड्या निळ्या, दोरीवरचे कपडे निळे. कोपऱ्यावरचं पांढरं कुत्रं निळं होऊन स्वतःच्याच शेपटीवर भुंकायला लागलं. ताईच्या दुकानात एक बाई तोंडाला लेप लावून बसली होती. ती काय झालं बघायला बाहेर धावली आणि आत आली तेव्हा तिला ओळखायला तिचा आवाज ऐकावा लागला.

त्यात अग्निशमनवाल्यांनी रस्ता धुवायला पाण्याचा फवारा सोडला. पावडर कशाची आहे हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. बघता बघता रस्त्यावर गुडघाभर फेस झाला आणि तो लोकांच्या पायऱ्या चढायला लागला.

नंतर सगळे हसले, पण तेव्हा कुणी हसत नव्हतं. डोळे चुरचुरत होते, पोरं खोकत होती, शेजारच्या एका आजोबांना दवाखान्यात ठेवावं लागलं. आणि धोक्याचा भोंगा वाजलाच नव्हता. ताईचा धाकटा दीर फाटकावर पहारेकरी होता. आवाजासरशी तो स्टुलावरून पडला आणि त्याचा हात मोडला.

प्लॅस्टर घालून घरी आला तेव्हा त्याला हातापेक्षा दुसरीच काळजी होती. "वहिनी," तो म्हणाला, "या वेळी माझं नाव घालतील बघ. बाबांचं घातलं तसं."

"तुमचं कसं घालतील, भाऊजी? तुम्ही फाटकावर, टाकी तिकडे आत."

"मी स्टुलावर बसलो होतो ना! ड्युटीवर बसायची परवानगी नाही."

सासूबाई आतून ओरडल्या, "घालणार! घालणारच! मी आजच सांगून ठेवते!"

थोड्याच दिवसांत शाळेच्या सभागृहात सरकारच्या कारखाने तपासणी खात्याने बैठक बोलावली. खात्याचे साहेब किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे. ते म्हणाले, निःपक्षपाती चौकशी होईल. मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने जांभई दिली. मग ताई उभी राहिली.

"साहेब, आम्ही इथे जुने आहोत. गोदामाला आग लागली तेव्हा चौकशीत निघालं, उंदराने वायर कुरतडली. छप्पर उडालं तेव्हा निघालं, वारा फार होता. पाइप फुटला तेव्हा निघालं, माझे सासरे झोपले होते. म्हणजे या कारखान्यात उंदीर, वारा आणि माझे सासरे सोडले तर कुणाच्या हातून कधी चूक होत नाही. सासरे आता राहिले नाहीत. या वेळी उंदरावर जरा जास्तच भार पडणार."

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "समितीत रहिवाशांचा एक माणूस घेता येतो. आजवर कुणी आलं नाही. तुम्ही येता का?"

ताई 'दुकान कोण बघणार' म्हणायला गेली. पण लोकांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की नाही म्हणायची सोयच उरली नाही.

घरी सासूबाईंनी एकच अट घातली. "जा. पण त्यांचा चहा प्यायचा नाही. चहा प्यालं की माणूस त्यांच्या बाजूचं होतं."

समितीत चौघं होती. साहेब, कॉलेजातले एक प्राध्यापक, कारखान्याचा इंजिनियर आणि ताई. पहिल्याच दिवशी चहा आला, बरोबर काजूची बिस्किटं. ताईने पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि बिस्किटांकडे पाठ करून बसली. प्राध्यापकांना वाटलं बाईंचा उपास आहे.

ती ज्या लबाडीची वाट बघत होती, ती काही लवकर होईना. साहेब सगळ्यांना तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे. दिराला स्टुलाबद्दल विचारलं तेव्हा ताई बाह्या सरसावून बसली. पण साहेब एवढंच म्हणाले, "पाठीला टेकण असलेली खुर्ची द्या यांना." आणि पुढे गेले. ताईने तयार ठेवलेलं भांडण वाया गेलं.

मग टाकीवर चढायचं ठरलं. ताईच्या अंबाड्यावर हेल्मेट काही बसेना. शेवटी अंबाडा सोडावा लागला. प्राध्यापकांना उंचीची भीती होती. ते तसं आधी सांगून, स्वतःच्या बुटांकडे बघत बघत सगळ्यांच्या आधी वर पोचले. जास्त झालेला दाब बाहेर सोडायला टाकीला एक झडप होती. प्राध्यापकांनी तिच्यात सळई घातली. ती आत जाईना. बराच वेळ खटपट केल्यावर आतून साबणाचा एक दगड निघाला. पावडर साचून साचून घट्ट झाली होती आणि झडप गच्च बंद पडली होती.

"सफाई कधी केली होती?" साहेबांनी विचारलं.

इंजिनियर घुटमळला. "सफाईला टाकी बंद ठेवावी लागते. मी मागितलं होतं. वरून परवानगी आली नाही."

ताईने वर बघितलं. वर नुसतं आभाळ होतं. "वरून म्हणजे कुणाकडून, ते नीट सांगा की."

"मॅनेजरसाहेबांकडून," तो म्हणाला आणि त्याला एकदम हलकं वाटल्यासारखं दिसलं.

"आणि भोंगा?" साहेबांनी विचारलं.

आता इंजिनियर ताईकडे बघायला लागला. "ताई, भोंगा तर तुमच्याच लोकांनी बंद करायला लावला ना?"

खरंच होतं. दर आठवड्याला सकाळी भोंग्याची चाचणी व्हायची आणि सगळ्या वस्तीची झोप मोडायची. तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका फाटकावर जाऊन बसल्या होत्या, आणि मॅनेजरने कंटाळून भोंग्याची वायरच काढून टाकली होती. त्या बायकांची पुढारी कोण? सासूबाई! त्या दिवशी त्यांची जवळजवळ मिरवणूकच निघाली होती, आणि ताईने दुकानात येईल त्या बाईला ती गोष्ट रंगवून सांगितली होती.

अहवाल लिहायला बसले तेव्हा ताई साहेबांना म्हणाली, "हे भोंग्याचं घालायलाच पाहिजे का? कुणी मागणी केली म्हणून वायर काढायची, ही काय रीत झाली? चूक मॅनेजरचीच."

"तसंच लिहिणार आहे. पण त्याने ती का काढली, हेही लिहायला लागेल. नाहीतर तुम्ही सभागृहात म्हणालात तेच आम्ही करणार. जे अडचणीचं, ते गाळणार."

ताईने समोरचा कागद त्यांच्याकडे सरकवला. "लिहा," ती म्हणाली. "पण नाव घालू नका. नुसतं 'काही वृद्ध महिला' लिहा." मग दचकून, "नको, नको, वृद्ध नको. घरात राहायचंय मला. 'ज्येष्ठ' लिहा."

अहवाल त्याच सभागृहात वाचून दाखवला. सफाई टाळली, दोष व्यवस्थापनाचा. भोंगा ज्येष्ठ महिलांच्या आग्रहावरून बेकायदा बंद केला, दोष व्यवस्थापनाचा. पहारेकऱ्याचा काही दोष नाही. उंदराचं नावही नाही.

ताईला वाटलं होतं, टाळ्या होतील. सभागृह मात्र चिडीचूप. लोक खोटं ऐकायची तयारी करून आले होते. खरं समोर आलं तेव्हा त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना.

"एवढं सरळ कसं काय लिहिलं?" एक जण कुजबुजला. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"आणि आमच्या म्हाताऱ्यांना मध्ये ओढलं! म्हणजे खापर शेवटी आपल्यावरच."

"हिला काय दिलं असेल हो?"

आठवडाभरात दुकानाचं नाव 'सरकारी पार्लर' पडलं. बायका पुढच्या चौकातल्या दुकानात जायला लागल्या, आणि तिथून एक भुवई वर, एक खाली अशा परत यायच्या, तरी ताईकडे वळायच्या नाहीत. स्फोटाचं खरं कारण म्हणून गल्लीत निदान चार गोष्टी फिरत होत्या. एकीत परदेशी रसायन होतं, एकीत मॅनेजरची मेहुणी.

पण खरी अडचण घरात होती. सासूबाईंनी ताईशी बोलणं टाकलं होतं. दोघी एकाच टेबलाशी बसायच्या आणि मध्ये ताईचा नवरा. तो शाळेची बस चालवायचा. दिवसभर पोरांचा गोंगाट ऐकून आल्यावर घरात शांतता मिळावी एवढीच त्याची इच्छा होती.

"तिला सांग, मीठ कमी आहे."

"अगं, मीठ कमी आहे म्हणते आई."

"त्यांना सांगा, मीठ त्यांच्या हाताशीच आहे."

"आई, मीठ..."

"ऐकलं मी. बहिरी नाही. फक्त ज्येष्ठ आहे."

शेवटी ताईच वैतागली. साहेबांना फोन करून म्हणाली, "तुमचा अहवाल कुणी मानत नाही. लोकांना टाकीवर नेऊन दाखवा. मी सांगून उपयोग नाही, माझ्यावर तर अजिबातच विश्वास नाही."

साहेबांनी परवानगी काढली. रविवारी सकाळी फाटकासमोर हेल्मेटं घालून गर्दी जमली, आणि सगळ्यांत पुढे, कमरेला पदर खोचून, सासूबाई.

"आई, जिना उभा आहे," ताई म्हणाली.

"हिला सांग," सासूबाई दिराला म्हणाल्या, "मी तिची परवानगी मागितलेली नाही."

दर काही पायऱ्यांनी थांबत, धापा टाकत, पण त्या वर गेल्या. झडप बघितली. साबणाचा दगड हातात घेऊन वजन करून बघितलं. मग साहेबांकडे वळल्या.

"तुमच्यासारखाच एक साहेब तेव्हा आला होता. म्हणाला, माझा नवरा झोपला होता. तुम्ही सांगा, झोपले होते का ते?"

साहेबांनी चष्मा काढला. "मला माहीत नाही, आजी. मी तेव्हा नव्हतो. त्यांना नीट विचारलं होतं की नाही, तेही मला सांगता येणार नाही."

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत कुठल्याही साहेबाच्या तोंडून 'माहीत नाही' हे शब्द त्यांनी ऐकले नव्हते. मग कठड्याला धरून, खालच्या गल्लीकडे बघत, त्या अगदी हळू म्हणाल्या, "लागला असेल डोळा. त्या दिवशी लागोपाठ दुसरी पाळी करायला लावली होती. मी डबा घेऊन गेले तर उभ्या उभ्या डुलत होते." थोडं थांबून, "पण ती दुसरी पाळी लावली कुणी, हे का नाही लिहिलं कुणी?"

ताईने हे कधीच ऐकलं नव्हतं. दिरानेही नाही. आपल्या नवऱ्याला कुणी आळशी म्हणू नये म्हणून त्या माणसाची दमणूकसुद्धा सासूबाईंनी इतकी वर्षं लपवली होती.

"उतरताना माझा हात धरा, आई," ताई म्हणाली.

"धरते," सासूबाई तिलाच म्हणाल्या. "आणि ते ज्येष्ठ बरं लिहिलंस. तो मेला साहेब वृद्धच लिहिणार होता ना?"

मॅनेजरची बदली झाली. शिक्षा म्हणून की बढती म्हणून, यावर गल्लीत अजून एकमत नाही. दिराला खुर्ची मिळाली आणि तिला टेकणही आहे. टाकीवर जाऊन आलेल्यांपैकी अर्ध्यांना पटलं. उरलेले म्हणाले, तो दगड आदल्या दिवशी आणून ठेवला असणार. ताईची गिऱ्हाइकं मात्र परतली. मन बदललं म्हणून नाही. पुढच्या चौकातली बाई फारच वाईट आयब्रो करायची. खुर्चीचा पंप अजून तसाच आहे. परवा एक बाई त्या खुर्चीत हळूहळू खाली जात असताना म्हणाली, "ताई, खरं सांगा हं, तुम्हाला काय दिलं होतं त्यांनी?"

"काजूची बिस्किटं," ताई म्हणाली. "मी खाल्ली नाहीत. अजून हळहळ वाटते. हं, आता पापणी ताणून धरा."