दुसऱ्या महिन्यात गप्प झालेलं घर

"मशीन कपाटात ठेवून आलीस का गं?" हेडफोन काढत आमच्या लॅबमधल्या सीनियरने विचारलं. ती हसत विचारत होती, पण तिला उत्तर हवं होतं.

रेकॉर्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या होत्या, टीव्ही होता, बाळाचं एकट्याचं बडबडणं होतं. आईचा आवाज जवळजवळ नव्हताच. पहिल्या महिन्यात हीच बाई बाळाशी इतकं बोलली होती की ऐकून लिहिताना माझी बोटं दुखली होती.

मुलं बोलायला कशी शिकतात, हा आमच्या लॅबचा विषय. दोन वर्षांच्या आसपासच्या मुलाला एक कापडी जाकीट घालायचं. त्याच्या खिशात काडेपेटीएवढं मशीन. महिन्यातून एक दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते घरातलं सगळं बोलणं टिपतं. मग आम्ही विद्यार्थी त्यातले तुकडे ऐकून लिहून काढतो. पेण आणि रोह्याकडची घरं माझ्याकडे होती, कारण मी पेणजवळच्या जोह्याची. माझे वडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. त्यामुळे लॅबमध्ये कोणी नुसतं "नक्की ना?" म्हटलं तरी मला वाटायचं, आपल्याला इथून घालवण्याची तयारी चालली आहे.

हे घर रोह्याला लागून, वरशात होतं. नवरा कंपनीत, शिफ्टवर. घरात सासू, सून आणि बाळ. सासूला मी काकी म्हणायचे, सुनेला वहिनी.

सीनियरला मी म्हटलं, "नाही, जाकीट मीच घातलं होतं." पण खात्री मलाही नव्हती. माझा संशय काकींवर होता. मी गेल्यावर त्या जाकीट काढून खुंटीला लावत असतील, संध्याकाळी मी यायच्या आधी पुन्हा घालत असतील. पहिल्या दिवशी त्यांनीच विचारलं होतं, "ह्ये सरकारचं तर नाय ना? उद्या जमिनीचं कायतरी निघायचं ह्याच्यातून."

तिसऱ्या महिन्यात मी मुद्दाम पुढची एसटी सोडली. जाकीट घातल्यावर "गाडी चुकली" असं खोटं सांगून तिथेच बसले. काकी उंबऱ्याशी वाल सोलत होत्या. त्यांनी जाकिटाला हातही लावला नाही. आत वहिनी बाळाला भात भरवत होत्या. बाळ "चिऊ, चिऊ" करत खिडकीकडे बोट दाखवत होतं. वहिनींनी मान हलवली, हसल्या, घास पुढे केला. तोंडातून शब्द नाही. बाळाने त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. त्यांनी त्याच्या बोटांची पापी घेतली. ती पण बिनआवाजाची.

तेवढ्यात काकींनी हाक मारली, "काय गो, आज काय ऐकवतेस? मागच्या टायमाला पण नाय ऐकवलंस."

ऐकलं आणि मला पहिल्या महिन्यातली ती संध्याकाळ आठवली.

आमच्याकडे कोणाच्या मुलाचा फोटो काढला तर तो आधी घरातल्या मोठ्या माणसाला दाखवायचा. न दाखवता मोबाईल खिशात टाकला तर ती माणसं मनात धरतात. मी तशीच वाढले. म्हणून पहिल्या महिन्यात, काकींचा तो सरकारी संशय जावा म्हणून, संध्याकाळी मशीन हातात घेऊन मी त्यांना तुकडा ऐकवला होता. लॅबचा नियम होता, घरात कोणालाही काही ऐकवायचं नाही. नियम मला पाठ होता. पण म्हाताऱ्या माणसाला नको कसं म्हणायचं, ते पाठ नव्हतं. नातवाचा आवाज ऐकून काकी केवढ्या हसल्या! "ऐका, ऐका, कसा बोलतोय माझा राजा!" मी बंद करायला दोन क्षण उशीर केला. बाळाच्या मागून वहिनींचा आवाज आला. त्या फोनवर बहिणीशी बोलत होत्या. एक वाक्य काकींबद्दल होतं. ते मी इथे लिहीत नाही. काकींचं हसू थांबलं होतं. आणि वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. मी ते पाहिलं होतं, आणि चहा पिऊन निघून आले होते.

या तिसऱ्या भेटीत निघताना वहिनी मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आल्या. मी विचारलं, "वहिनी, माझ्यामुळे बोलत नाही ना तुम्ही?"

"तुमचं काम हाय ताई. नाय म्हटलं तर सासूबाई विचारतील, तुला काय लपवायचंय? म्हणून घालते जाकीट." मग आवाज खाली आणून, "तो रात्री झोपला की बोलते मी त्याच्याशी. कानात."

लॅबमध्ये पुढच्या बैठकीत सीनियरने या घराचा तक्ता पडद्यावर लावला. तिने शेरा लिहिला होता : आई मुलाशी फारसं बोलत नाही. "अशी घरं असतात," ती म्हणाली. "गावाकडे मुलांशी कमीच बोलतात." ती वाईट मुलगी नाही. मशीनमध्ये जे होतं तेच ती वाचत होती.

हा शेरा तसाच राहिला असता तर वहिनी कायमच्या न बोलणारी आई होणार होत्या. त्यांना ते कळणारही नव्हतं. आणि मी तोंड उघडलं तर नियम मोडणारी मुलगी होणार होते, तेही माझी जागा पुढच्या सहामाहीसाठी ठरायच्या आठवड्यात. मी बैठकीत बोलले नाही. भित्रेपणा होता, दुसरं काही नाही. सगळे गेल्यावर लॅब चालवणाऱ्या मॅडमच्या दारात उभी राहिले.

"मॅडम, ते शांत रेकॉर्डिंग... ती चूक माझी आहे."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. "तू आत्ता का सांगतेस?" त्यांनी विचारलं. मला त्यात संशय दिसला. आता पकडली जाईन म्हणून ही सांगतेय, असं त्यांना वाटत असेल का? मी एवढंच म्हटलं, "त्या बोलतात, मॅडम. खूप बोलतात."

त्या घराची तिन्ही रेकॉर्डिंग पुसली गेली. शेराही गेला. माझ्याकडून घरभेटी काढून घेतल्या. लॅबमध्ये बसून लिहायचं काम राहिलं, तेही "पुढचं पुढे बघू" या बोलीवर. एक शेवटची भेट मात्र मॅडमनीच करायला लावली. रेकॉर्डिंग पुसल्याचं पत्र आईच्या हातात द्यायचं, दुसऱ्या कोणाच्या नाही.

काकी बाजारात गेलेल्या. वहिनींनी पत्र दोनदा वाचलं.

"खरंच पुसलं? का आपलं कागदावर?"

"खरंच. माझ्यासमोर."

"मशीनमधलं गेलं." त्यांनी पत्राची घडी घातली. "सासूबाईंच्या डोक्यातलं?"

ते पुसणं माझ्या हातात नव्हतं.

"आणि तुमच्या? तुमी तर सगळाच दिवस ऐकलाय माझा. सगळं लक्षात हाय ना तुमच्या?"

खोटं बोलायची सोय होती. विसरले म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, निदान वरून. पण त्या घरात मी आधीच एकदा खोटं बोलले होते.

"आहे," मी म्हटलं.

त्या बाळाला कडेवर घेऊन आत गेल्या आणि मधलं दार लावून घेतलं. मी चपला घालत होते. आतून त्यांचा आवाज आला. बाळाशी बोलत होत्या, भराभर, न थांबता. मी कान तिकडे जाऊ न देता रस्त्याला लागले.