नांगी परत येते

आमच्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली. तीही प्राणिशास्त्र घेऊन. महाळुंगे पडवळला आमची शेती. वडिलांना पदवीचं कौतुक फार, पण विषय ऐकला की म्हणायचे, "जनावरं तर गोठ्यातबी हायेत, त्याला कालिज कशाला?"

नोकरी लागली ती घोडेगावहून वर डोंगरात जाणाऱ्या एसटीच्या शेवटच्या थांब्यावरच्या शाळेत. पहिली-दुसरीची चौदा मुलं. त्यांची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. अंगणात कलकलाट करणारी ही मुलं वर्गात काही विचारलं की मुकी व्हायची. केंद्रप्रमुख तपासणीला आले, अर्धा तास बसले आणि म्हणाले, "मॅडम, सगळं तुम्हीच बोलताय. दिवाळीच्या सुट्टीआधी परत येतो. प्रत्येक मुलाकडून एक पूर्ण वाक्य ऐकायचंय मला."

ते मला लागलं. ठरवलं, तक्त्यावरची चित्रं बंद. मुलांना सांगितलं, उद्या प्रत्येकानं काहीतरी जिवंत आणायचं. प्राणी, नाहीतर झाड.

दुसऱ्या दिवशी टेबलावर आलं ते असं: कुर्डूची भाजी, मुळं छाटून, धुऊन, पानात बांधलेली. अळूची पानं, शिरा काढलेली. आणि दुसरीतल्या एका मुलीनं आणलेला बारका खेकडा, दोन्ही नांग्या मोडलेला. बाईंनी मागितलंय म्हणजे कालवणालाच, असं घरोघरी ठरलं होतं.

खेकडा म्हटल्यावर मला धडा नांगीवरच घ्यायचा होता. जरा चढ्या आवाजात विचारलं, "नांग्या कुणी मोडल्या?"

खेकडा आणलेली मुलगी म्हणाली, "आयनी. तुमाला धरता येत न्हाई म्हून."

खरंच येत नव्हतं. कॉलेजात मी खेकडा पाहिला तो बरणीतला. पण पदवी गप्प बसेना. म्हटलं, "असू दे. खेकडा जुनं कवच टाकतो ना, तेव्हा नांगी परत येते."

"मोडल्याली?" ती म्हणाली. "खोटं."

मागून एक पोरगा म्हणाला, "बाई, मंग आमच्या आज्याचं दात का येत न्हाईत?"

घमेल्यात ओढ्याचं पाणी आणि दगड घालून आम्ही खेकडा ठेवला, वर जाळी टाकली. रोज सकाळी मुलं घमेल्याभोवती, मी फळ्यापाशी. ती सांगतील ते लिहायची, आधी त्यांच्या बोलीत, खाली पुस्तकाच्या मराठीत. "भात खाल्ला न्हाई." "दगडाखाली गेला." आणि शेवटचं वाक्य ठरलेलं, त्या मुलीचं, माझ्याकडे बघून: "नांगी न्हाई आली."

श्रावण गेला, गणपती गेले. वडील फोनवर म्हणाले, "पंधरा वरीस शिकून खेकडं राखती का, पोरी?" मी हसण्यावारी नेलं, पण आतून धास्तावले होते. पुस्तक खरं होतं, पण या खेकड्यानं ते वाचलेलं नव्हतं. तो मेला असता तर बाई खोट्या ठरल्या असत्या, आणि मग ही मुलं माझ्याशी कशाला बोलतील?

नवरात्रातल्या एका सकाळी ती मुलगी व्हरांड्यातून पळत आली. "बाई, मेला."

खेकडा उताणा पडला होता. उचलला तर कागदासारखा हलका. मागून उघडा, आत काहीच नाही. मी तिला म्हटलं, "दगड उचल."

दगडाखाली दुसरा बसला होता. मऊ, फिकट, आणि पुढे हरभऱ्याएवढ्या दोन नांग्या.

ती घमेल्यावर वाकली. "बाईंचं खरं व्हतं," ती म्हणाली. "पण लई बारक्या हायेत."

केंद्रप्रमुख आले तेव्हा गोष्ट तिनं सुरू केली आणि बाकीच्यांनी तोंडातून हिसकावून घेतली. कुणाचं वाक्य कुठं संपलं ते साहेबांना कळेना. शेवटी त्या पोरानं आज्याच्या दातांचं त्यांनाच विचारलं, आणि साहेब चहा प्यायला उठले.

त्याच दुपारी आम्ही खेकडा ओढ्यात सोडला. दुसऱ्या दिवशी मुलीनं एक भलामोठा खेकडा आणला, दोन्ही नांग्या शाबूत, गवतानं बांधलेल्या.

"आयनी मोडल्या न्हाईत. म्हनली, बाईंनी आता धराया शिकावं."

गवत सोडलं आणि मी मागून धरला. चुकीचा धरला. "बाईंना खेकडा चावला" हे पूर्ण वाक्य त्या दिवशी चौदाच्या चौदा जणांनी म्हटलं. संध्याकाळच्या एसटीत कंडक्टरनं तिकिटाआधी माझं बोट बघायला मागितलं.