प्रांजलीचा डावा हात

जालन्याच्या दवाखान्यात अपेंडिक्स काढून आल्यापासून जन्नतबीला एका जागी पडून राहणं जमत नव्हतं. पोटाला उजवीकडे सात टाके होते, ते दहाव्या दिवशी निघणार होते. उकिडवं बसायचं नाही, वजन उचलायचं नाही, खोकला आला तर पोटाशी उशी धरायची, असं सिस्टरने तीनदा बजावलं होतं. ती बजावत असताना जन्नतबी तिच्या मनगटाकडे पाहत होती.

"सव्वादोन," ती पुटपुटली. सिस्टरला वाटलं, बाईची भूल अजून उतरली नाही.

हसनाबाद आणि आसपासच्या वस्त्यांवर जन्नतबी पस्तीस वर्षं बांगड्या भरत आली होती. नवरा लवकर गेला. डोक्यावरच्या टोपल्याच्या जोरावर तिने याकूबला लहानाचं मोठं केलं. आता याकूबचं स्टँडजवळ दुकान होतं आणि सून सालेहा तिथे बसायची. पण लग्नाचा चुडा भरायला अजूनही जन्नतबीच जायची. एखाद्या बाईचं नाव ती विसरायची, हात आणि बांगडीचं माप मात्र कधीच नाही.

आणि नवव्या दिवशी गोरक्षनाथच्या वस्तीवर त्याच्या लेकीचा, प्रांजलीचा चुडा होता. प्रांजलीच्या आईला चुडा जन्नतबीनेच भरला होता. आजी जयवंताबाईने तर इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणापुढे हात केला नव्हता. टाके निघायच्या आदल्या दिवशीच चुडा यावा, याचा जन्नतबीला मनस्वी राग येत होता. कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून तो सालेहावर निघत होता.

कारण जाणार होती सालेहा. दुकानात तिने शेकडो हात भरले होते, नवरीचा एकही नाही. नवरीच्या हातात बांगडी पिचली तर बायका तोंडाने "वाढली" म्हणतात, पण पुढे संसारात काही कमीजास्त झालं की बरोबर तीच बांगडी आठवतात.

चार दिवस खाटेवर शिकवणी चालली. जन्नतबी स्वतःचा हात पुढे करायची, सालेहा भरायची.

"अंगठा आत दाब. जोर नको लावू, हाताला बोलण्यात गुंतव."

"हाताला कसं गुंतवू अम्मी?"

"हाताच्या मालकिणीला गं. सासरचं काहीतरी विचार. लाजली की हात ढिला पडतो."

हे बोलता बोलता ती उठून बसायला गेली आणि कळ आली. सालेहाने तिला धरून आडवं केलं. "लेटे रहो अम्मी, टाके खुलेंगे."

नवव्या दिवशी सकाळी याकूब आणि सालेहा मोटारसायकलवरून वस्तीवर गेले. जन्नतबी पडून राहिली. पत्रे मोजले. शेजारणीने आणलेली पेज अर्धी प्यायली. उगाच खाटेच्या दोऱ्या ओढून पाहिल्या. मनातल्या मनात ती प्रांजलीचा उजवा हात भरत होती. तो झाला, डावा घेतला, आणि तिथे ती थांबली.

सहा वर्षांची असताना प्रांजली लिंबावरून पडली होती. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी हाड वाकडं जुळलं होतं. दिसायला काही नाही, पण सरळ दाबून चढवली की बांगडी तिथे पिचायची. ती करंगळीकडून फिरवून घ्यावी लागे. चार दिवस जन्नतबीने सगळं सांगितलं आणि नेमकं हेच सांगायचं राहिलं.

तिने फोन लावला. सालेहाचा फोन समोरच्या फळीवरच चार्जिंगला होता, तो वाजू लागला. याकूबचा लागलाच नाही.

पेजेचं भांडं न्यायला आलेली शेजारीण मागे वळेपर्यंत जन्नतबी उशी पोटाशी धरून दारात होती.

जीपवाला रखमाजी तिच्याकडे बघतच राहिला. "चाची, उशी घिऊन? मुक्कामाला निघाल्या का?"

"टाके हायत पोटाला. खड्डे चुकवून चालव."

"मंग तर गाडी डोक्यावरच घ्यावी लागंल."

त्याने जमेल तेवढे चुकवले. जे चुकले नाहीत ते सातही टाक्यांनी मोजले. वस्ती येईपर्यंत तिला एकच ऐकू येत होतं, काच पिचल्याचा तो बारीक आवाज.

मांडवात बायका दाटीने बसल्या होत्या. प्रांजलीचा उजवा हात हिरवागार भरला होता. डावा सालेहाच्या हातात होता, मोकळा. सालेहा तो नुसता चाचपत होती आणि बायका कुजबुजत होत्या.

"कव्हाची दाबून राह्यली नुसती," एकजण म्हणाली. "येतं का न्हाई हिला?"

जयवंताबाईचं मांडवाच्या दाराकडे लक्ष गेलं. "अगं जन्नत, पोट फाडून घेतलंय ना तू? कशाला आल्ती मरायला?"

"आक्का, मला खुर्ची दे आधी," जन्नतबी म्हणाली.

सालेहाने वर पाहिलं. "अम्मी, इथं हाड आडवं येतंय. म्हणून थांबले."

जन्नतबीला वाटलं, पुढे व्हावं, हात आपल्याकडे घ्यावा. पण खाली बसता येत नव्हतं. "करंगळीकडून फिरव," ती म्हणाली. "घाई नको."

सालेहाने प्रांजलीला विचारलं, "नवरदेव फोनवर काय म्हणतो गं?" प्रांजली लाजली. बांगडी करंगळीवरून फिरली आणि मनगटावर उतरली. मग दुसरी उतरली, मग तिसरी. जन्नतबीची बोटं उशीच्या कडेवर तशीच फिरत होती. शेवटची चढली तेव्हा तिने श्वास सोडला आणि पोटात अशी कळ आली, की डोळ्यांत पाणी आलं.

सगळ्यांनी नवरीचे हात पाहिले. जयवंताबाई गुडघ्यावर हात टेकत पुढे सरकली. जन्नतबी खुर्चीत सावरून बसली, सवयीने पदर खोचला. पण म्हातारीने हात केला तो सालेहापुढे.

"भर गं पोरी माझ्याबी."

जन्नतबीने खोचलेला पदर पुन्हा सोडला. तिने उशी पोटाशी घट्ट धरली.

"अडीचच्या काढ," मग ती सालेहाला म्हणाली. "आक्का सव्वादोनच सांगंल, ऐकू नको तिचं."